आमरीची कुंडी बदलली

मामा,

परवा दुपारी जांभळ्या आमरीची, तुमच्या त्या ऑर्किडची, कुंडी बदलली. हात माझे होते, पण हुकूम सगळे आत्यांचे. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून पुसला असता. ज्या बाईनं तुमच्या झाडांना जन्मभर बांडगुळं म्हटलं, त्यांच्यावर ओल्या साड्या वाळत टाकल्या, ती तुमची बायको आता माझ्या नसरापूरच्या घरी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसते आणि मला सांगते, "कोळसा एवढा बारीक नको फोडू. पाणी तुंबतं मग." तुम्ही गेलात त्याला पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली. आत्या माझ्याकडे राहतात हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. पण परवा त्यांच्या तोंडून मला एक गोष्ट कळली, ती मात्र तुम्हाला पक्की ठाऊक होती आणि तुम्ही मला कधी सांगितली नाहीत. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. म्हणून आज लॅबमधून येताना कोरे कागद घेऊन आले.

तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायचं, एवढं माझ्या आईनं शिकवून पाठवलं होतं. भोरच्या त्या गल्लीत मात्र तुम्हाला सगळे बेलिफसाहेब म्हणायचे. कोर्टाची समन्सं आणि नोटिसा घेऊन गावोगाव जाणारा माणूस. एसटीनं वेल्ह्यापर्यंत, आणि पुढे गाडी नसेल तिथं पायी. (त्या तालुक्याला आता राजगड म्हणतात.) ज्याच्या नावाची नोटीस तो घरात नसला, किंवा असून बाहेर येत नसला, तर पंचांसमोर ती दारावर डकवायची. तुम्ही एकदा सांगितलं होतं, दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायची आपल्याकडची रीत, पण बेलिफाला आधी काम विचारतात, आणि काम कळलं की पाणी राहूनच जातं. हे तुम्ही तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. आज हवा ढगाळ आहे असं सांगावं तसं सांगितलं होतं.

अशाच एका फेरीत वळवाच्या वाऱ्यानं पडलेली हिरड्याची फांदी तुम्हाला वाटेत दिसली. कोणीतरी ती सरपणाला तोडत होतं आणि फांदीवर सीतेची वेणी, रानातली आमरी, लोंबत होती. तुम्ही ती मागून घेतलीत, नोटिसांच्या पिशवीतून घरी आणलीत आणि परसात कुंडीत चांगली काळी माती घालून लावलीत. महिन्याभरात कुजली. त्यानंतरचीही एक-दोन अशीच गेली. मग पुण्याच्या कुठल्याशा नर्सरीत कोणी सांगितलं की ह्यांना माती चालत नाही, ह्यांच्या मुळांना वारा लागतो. पुढची तुम्ही परसातल्या चिकूच्या खोडाला काथ्यानं बांधलीत. ती धरली. आत्या म्हणायच्या, "दुसऱ्याच्या अंगावर जगणारं झाड, घरात काय कामाचं?" तुम्ही म्हणायचात, "ते चिकूचं काही खात नाही. नुसतं बसलंय." "नुसतं बसणारी माणसं काय कमी आहेत ह्या घरात," असं म्हणून आत्या आत जायच्या.

मी भाटघरच्या पाण्याच्या पलीकडची, वेल्ह्याच्या अंगाची. माझ्या तोंडात 'आमी', 'न्हाई', 'व्हय' असंच यायचं आणि आत्या प्रत्येक वेळी थांबवून तो शब्द पुन्हा म्हणायला लावायच्या. त्यामुळे मी त्या घरात पहिले काही महिने बोलणंच कमी केलं होतं. एक दिवस परसात कपडे वाळत घालताना चिकूवर पांढरी-जांभळी वेणी फुललेली दिसली आणि तोंडातून निघून गेलं, "ह्यी तर सीतेची वेनी. आमच्याकडं पोरी डोक्यात घालत्यात." तुम्ही मागेच उभे होतात. मी जीभ चावली. तुम्ही शब्द सुधारला नाहीत. विचारलंत, "कोणत्या झाडावर असते तुमच्याकडे?" मी म्हटलं, आंब्यावर, जांभळावर. "उन्हाच्या बाजूला की सावलीच्या?" मला आठवावं लागलं. मी डोळे मिटून आमच्या बांधावरचं जांभूळ मनात उभं केलं आणि सांगितलं, सकाळचं ऊन लागतं त्या अंगाला. तुम्ही मान हलवलीत आणि दुसऱ्या दिवशी परसातल्या एका झाडाची जागा बदललीत. लग्न होऊन आल्यापासून माझ्या सांगण्यावरून त्या घरात हललेली ती पहिली वस्तू.

जांभळी आमरी नंतरची, निवृत्त झाल्यावर तुम्ही नर्सरीतून आणलेली. तिचे दांडे उसाच्या कांड्यांसारखे, टोकाला फुलांचा तुरा. ती कुंडीतच राहणारी, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी तिची कुंडी बदलणं आलं. ते कधी करायचं हे तुम्ही मला एका संध्याकाळी सांगितलंत. अजून तुम्ही समोर उकिडवे बसलेले दिसता, गुडघ्यावर कुंडी, नाकावर घसरलेला चष्मा. फुलं असताना हात लावायचा नाही. थंडीत ती निजलेली असते, तेव्हाही नाही. होळीच्या सुमाराला बुडाशी नवा कोंब येतो, आणि त्या कोंबाला हिरव्या टोकाची मुळं फुटायला लागतात. तेवढ्याच दिवसांत काम उरकायचं, कारण मुळं लांबली की हाताळताना मोडतात. मी विचारलं, कुंडी लहान पडली की बदलायची ना. तुम्ही म्हणालात, "लहान कुंडीत ती खुशाल राहते. आतलं सोडण कुजलं की बदलायची." आणि कुंडीत बोट खुपसून नारळाच्या सोडणाचा काळा चुरा माझ्या नाकाशी धरलात. चहाच्या चोथ्यासारखा दिसत होता, आणि आंबूस वास येत होता. तुमचा मुलगा दारात उभा राहून हसत होता. "बाबा, तिला स्वयंपाक करायचाय," तो म्हणाला. तुम्ही म्हणालात, "मग तू कर."

तो गेला तेव्हा आमची पोर नुकती बोलायला लागली होती. कामावरून मोटरसायकलवर येत होता, हायवेवर मागून ट्रक आला. त्या दिवसांबद्दल तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंत. ओळख पटवायला तुम्ही गेला होतात. त्या वर्षी झाडांना कोणी हात लावला नाही. चिकूवरची आपली आपण जगली, कुंडीतल्या जांभळीनं बरीचशी पानं टाकली. घरात माणसं येत होती आणि माझ्याबद्दल बोलत होती. माझा भाऊ म्हणत होता, तिला गावाकडं नेतो. आत्यांच्या माहेरचे म्हणत होते, ती गेली तर ह्या दोघांना कोण बघणार. सगळं बाहेरच्या खोलीत, मी चहा घेऊन जायचे तेव्हा थांबायचं आणि मी आत आले की पुन्हा सुरू व्हायचं.

वर्षश्राद्ध झालं, होळीही होऊन गेली. एका दुपारी तुम्ही परसातून हाक मारलीत, "कात्री आण. काडेपेटी पण." जांभळी आमरी तुमच्यासमोर होती. आदल्या दिवशी तुम्ही तिला भरपूर पाणी दिलं होतं, म्हणजे मुळं नरम पडतात. तरी ती कुंडीच्या भिंतीला चिकटली होती. तुम्ही ओढलं नाहीत. पातळ सुरी आतून फिरवून पाहिलीत, मग सरळ हातोडीनं कुंडी फोडलीत. कात्रीचं पातं काडीवर धरून तापवलंत आणि मला दिलंत. पांढरं, टणक मूळ जिवंत. तपकिरी, दाबल्यावर पोकळ लागणारं, ओढल्यावर साल निघून येऊन नुसता दोरा उरणारं मूळ मेलेलं, ते कापायचं. मी कापत गेले. एका दांड्याला एकही पान नव्हतं. तो कापायला गेले तर तुम्ही हात धरलात. "तो राहू दे. नवा कोंब अजून त्याच्यावरच जगतोय."

कात्री खाली ठेवून मी म्हटलं, "मामा, माझं बी ह्या झाडासारखंच झालंय. कोण म्हनतं हितं ठेवा, कोण म्हनतं तिकडं न्या."

तुम्ही रागावलात. तुमचा चढलेला आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "माणसाला झाडाच्या रांगेत बसवू नको. झाडाला विचारता येत नाही, म्हणून आपण मुळं बघत बसतो. तुला विचारता येतं." मग बराच वेळ तुम्ही कुंडीचे तुकडे गोळा करत राहिलात. "मीच विचारलं नाही इतके दिवस," तुम्ही म्हणालात. "आता विचारतो. तुला काय पाहिजे?"

 मी म्हटलं, कुणी विचारलंच न्हाई कधी, काय सांगू. तुम्ही म्हणालात, घाई नाही, हळद आण. मी हळद आणली, कापलेल्या जागांवर बोटानं लावत बसले, आणि तेव्हा सांगितलं की बारावी झाले आहे, पुढे शिकायचंय, नोकरी करायचीय. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. कोर्टात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचं 'बरं' म्हणजे काय असतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. तुम्ही पुण्याला जाऊन रक्त-लघवी तपासायच्या कोर्सची सगळी चौकशी करून आला होतात. मी पहाटेच्या एसटीनं जायचे आणि पोरीची वेणी तुम्ही घालायचात. एक वेणी कानाच्या वर, एक कानाच्या खाली. ती तशीच बालवाडीत जायची. आत्यांनी त्या काळात माझ्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं, पण डबा रोज भरून तयार असायचा. तेही मी विसरलेले नाही.

मग नसरापूरच्या लॅबमध्ये नोकरी लागली. तिथं एक वरव्याचे गृहस्थ आपल्या आईला शुगर तपासायला घेऊन यायचे. फाट्यावर त्यांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं, बायको काही वर्षांपूर्वी आजारानं गेली होती. डॉक्टरांनी तपासणी तीन महिन्यांनी सांगितली होती, हे पंधरा दिवसांनी यायचे. शेवटी त्यांची आईच एकदा दंड पुढं करत मला म्हणाली, "पोरी, माझं रगत संपंल आता. काय असंल ते सांगून टाक त्याला." मी खाली बघून सुई टोचली. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं होतं.

तुम्हाला सांगायला मला धीर होत नव्हता. सांगितलं ते स्वयंपाकघरात, भाकरी थापत असताना, तुमच्याकडे पाठ करून. आत्या तिथंच होत्या. त्यांनी तवा खाली उतरवला. "तुला जायचं तर जा," त्या म्हणाल्या. "पोरगी माझी आहे. मुलगा गेला. आता त्याची एवढी एक खूण राहिलीय, ती पण नेणार?"  त्यांचं काहीच चुकत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी जेवण टाकलं. नुसत्या चहावर राहायच्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन बाहेर पडलात आणि संध्याकाळी परत आलात. तुम्ही वरव्याला गेला होतात, कोणाला न सांगता. "त्यांच्या दारात उभा राहिलो," तुम्ही मला म्हणालात. "म्हातारी म्हणाली, बसा. मग पाणी आणलं. मी पाणी प्यायलो, मग तिनं विचारलं, कुठनं आलात. घर चांगलं आहे." तुमची चौकशी एवढीच. इतक्या दारांत उभं राहून झालेल्या माणसाला बहुतेक तेवढं पुरत असावं.

माझ्या नोकरीसाठी ह्यांनी आईला घेऊन वरव्याहून नसरापूरला बिऱ्हाड हलवलं. लग्न देवळात झालं, दहा-पंधरा माणसांत. माझा भाऊ आला नाही. गुरुजींनी विचारलं, मुलीकडचं कोण आहे. मी मान वर केली नाही. चपला काढल्याचा आवाज आला आणि तुम्ही येऊन पाटावर बसलात. निघताना टेम्पोत माझ्या ट्रंकेशेजारी जांभळ्या आमरीची कुंडी ठेवलीत, पोत्यात गुंडाळून. आदल्या आठवड्यातच तिची कुंडी बदलली होती. "रानातल्यांना हलवलं की रुसतात, त्या चिकूवरच राहू देत," तुम्ही म्हणालात. "ही नर्सरीतली, हिला सवय आहे. लगेच पाणी घालू नको." मी घातलं. नव्या घरात आणलेलं झाड कोरडं कसं ठेवायचं, मला बघवेना. पहिल्याच शनिवारी तुम्ही पोरीला न्यायला आलात, कुंडीत बोट घातलंत आणि सगळ्यांसमोर मला रागावलात. "काय सांगितलं होतं मी? कापलेल्या जागा ओल्या राहिल्या तर कुजतील. पानांवर हलकं शिंपड, बाकी कोरडं. तहान लागू दे तिला, मुळं आपोआप निघतील पाणी शोधायला." माझ्या नवीन सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या ह्यांना हळूच म्हणाल्या, "बाप लई कडक हाय हिचा."

त्यानंतर दर शनिवारी तुम्ही आलात. पोरीची सकाळची शाळा सुटायच्या वेळी नसरापूरच्या स्टँडवर छत्री घेऊन उभे. तिला भोरला न्यायचं, रविवारी संध्याकाळी आणून सोडायचं. पावसात, उन्हात, एसटी बंद असली की वडापच्या गाडीत कोंबून. एका शनिवारी तुमच्या अंगात ताप होता, हात लावला तर चटका बसत होता. मी म्हटलं, एक शनिवार राहिला तर काय होईल. तुम्ही म्हणालात, "ठरलेलं आहे." मला वाटलं, म्हातारा नातीशिवाय राहू शकत नाही, आणि कबूल करायला लाजतो. इतकी वर्षं मी तसंच समजत आले. पोरगी मोठी झाली, तिचे क्लास सुरू झाले, तिला कंटाळा येऊ लागला, तरी तुम्ही यायचात. आत्या मात्र एकदाही आल्या नाहीत. तुम्ही होतात तोवर त्यांनी माझ्या घरची पायरी चढली नाही.

तुम्ही सकाळी चहा घेता घेता गेलात. मी पोचले तेव्हा परसात बादलीत कोळसा आणि विटांचे तुकडे भिजत घातलेले होते, कुठल्यातरी झाडाची तयारी चालली होती तुमची. तेराव्याला सगळे पांगल्यावर माझे यजमान आत्यांसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, "आत्या, घरी चला." आत्या म्हणाल्या, "तुमच्या घरी मी कोण?"   आत्या एकट्याच राहिल्या. आम्ही जाऊन भेटायचो, डबा द्यायचो, त्या चहा करायच्या. मग एकदा न्हाणीत पडल्या, मनगट मोडलं. दुखऱ्या हातानं त्यांनी फोन मला केला. एकच शब्द बोलल्या, "ये." टेम्पो घेऊन हे निघाले तेव्हा दुकानात मोटार उघडी पडलेली होती, ती तशीच ठेवून. "हात बरा होईपर्यंत येते," आत्या म्हणाल्या. हात बरा होऊन कितीतरी वर्षं झाली. ह्यांच्या आई तोवर गेल्या होत्या, त्यांच्या खोलीत आत्या राहतात. चिकू तिथंच राहिला. त्याच्यावरच्या वेण्या अजून फुलतात असं शेजारचे सांगतात. नसरापुरात राहून आत्यांच्या बोलण्यात आता 'लई' आणि 'हितं' यायला लागलंय. मी सुधारत नाही.

परवाचं सांगते. आमरी कुंडीच्या काठावरून बाहेर कलली होती आणि आतल्या सोडणाचा भुगा झाला होता. नवा कोंब आला होता, त्याच्या बुडाशी हिरवे ठिपके. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आणला, विटांचे तुकडे आणि सोडणाचे तुकडे भिजवून दोन-चारदा पाणी बदललं. कुंडी एकच माप मोठी घेतली, बाजूंनी भोकं असलेली. मेलेली मुळं कापली, हळद लावली. आत्या बघत होत्या. जुने दांडे मी मधोमध धरले तशा म्हणाल्या, "तसं नको. जुनं काठाशी लाव, नव्या कोंबाकडं जागा ठेव." मग म्हणाल्या, "काडी रोव आणि बांध. हलत राहिलं तर मूळ धरत नाही." मी हात थांबवून विचारलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. स्वयंपाकघराची खिडकी परसातच उघडायची की. दिसायचं सगळं."

"ऐकूही यायचं?"

"यायचं." त्यांनी खुर्ची जरा पुढं ओढली. "तुला विचारलं होतं ना त्यांनी, काय पाहिजे म्हणून. मला पण विचारलं होतं."

"कधी?"

"वरव्याला जाऊन आले त्या दिवशी. मी जेवत नव्हते. ताट वाढून घेऊन आले माझ्याशेजारी आणि म्हणाले, तिला विचारलं तसं तुलाही विचारतो. तुला काय पाहिजे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मला माझा मुलगा पाहिजे." आत्यांनी पदरानं खुर्चीचा हात पुसला. "ते म्हणाले, तेवढं सोडून सांग. मग म्हटलं, पोरगी दर शनिवारी हितं पाहिजे. मी आणायला जाणार नाही, त्या घराची पायरी चढणार नाही. तुम्ही आणायची. एक शनिवार चुकला तर मला पुन्हा जेवायला बोलवू नका."

"मग?"

"बरं म्हणाले."

मी काडी बांधत राहिले. गाठ बसेना. मामा, तुम्ही कधीच कळू दिलं नाहीत. नातीचं वेड असलेला म्हातारा, असं आम्ही तुम्हाला हसायचो. हे तर तुम्हाला 'शनिवारचे पाहुणे' म्हणायचे, तुमच्यासमोर. तुम्हीही हसायचात. पोरीला तुमच्या सोबतीची किती गोडी होती, तुम्हाला तिची किती होती, ते खोटं नव्हतंच. पण तापात उभं राहण्याचं कारण वेगळं होतं. घरी एक बाई ताटावर बसण्यासाठी वाट बघत होती. मला जाऊ देण्याची जी किंमत होती ती तुम्ही माझ्या वाट्याला येऊ दिली नाहीत, आणि आत्यांनाही माझ्यासमोर वाईट होऊ दिलं नाहीत. मी आत्यांना म्हटलं, "इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तू विचारलंस कुठं?" आणि मग, "पाणी नको घालू आता. चार-सहा दिवस जाऊ देत."

कुंडी जाळीच्या सावलीत ठेवली आहे. पोरीला फोनवर सगळं सांगितलं. ती पुण्यात नोकरी करते, सहसा तिला बोलायला फुरसत नसते. ती म्हणाली, आजीला फोन दे. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी आत निघून आले.

हे पत्र आत्यांना वाचून दाखवावं असं मघाशी मनात आलं होतं. नाही दाखवणार. त्यांनी मला सांगितलं ते परसातल्यासारखं मोकळ्यावर, असं कागदावर उतरवलेलं त्यांना रुचणार नाही. तुम्हाला पाठवायची तर सोयच नाही. कपाटातल्या साड्यांत ठेवून देईन, कधीतरी आवरताना फाडेन.

एक राहिलं. लॅबमध्ये एक नवीन मुलगी लागली आहे. गेल्या महिन्यात माझ्या मोबाईलवर तुमचा फोटो बघून तिनं विचारलं, हे कोण. सासरे म्हटलं असतं तर कुठले सासरे, आधीचे का आताचे, असं सगळं सांगत बसावं लागलं असतं. मी सांगितलं, माझे वडील. ती म्हणाली, तुमचं नाक अगदी त्यांच्यासारखं आहे. मी हो म्हटलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत दोन-तीनदा नाकाला हात लावून बघितला.